सुरुंगाचा धनी आणि जिभेखालची गोळी

थोरामोठ्यांची चरित्रे आपण बहुधा वक्तृत्व स्पर्धेसाठी वाचतो आणि स्पर्धा संपली की विसरून जातो. मीही त्याला अपवाद नाही. आल्फ्रेड नोबेलचे चरित्र मात्र मी कोणत्याही स्पर्धेसाठी वाचले नाही. ते वाचायला लागले एका चुकीपायी, आणि ती चूक माझी होती.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी विहिरींना सुरुंग लावायचे काम करीत. माती आणि मुरूम संपून काळा खडक लागला की शेतकरी आबांना बोलावणे धाडायचे. घण-छिन्नीने खडकात भोके पाडायची, त्यांत जिलेटीनच्या कांड्या भरायच्या, वात पेटवायची आणि दोराला धरून वर येऊन जिवाच्या आकांताने पळत सुटायचे, असे ते काम. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरींचे पाणी आबांच्या हातून लागले आहे. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. दोन वर्षांपूर्वी चढाची वाट चालताना त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रोजच्या गोळ्या दिल्या, आणि शिवाय तपकिरी काचेची एक इवलीशी बाटली दिली. कळ आली की खाली बसायचे आणि त्यातली एक गोळी जिभेखाली धरायची, असे बजावून सांगितले.

त्या बाटलीचे झाकण आबांच्या बोटांना उघडेना. घण मारून मारून ती बोटे वाकडी झालेली. मला वाटले, आपण शिकलेली नात, आपण यातून मार्ग काढू. मी सगळ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या एका डबीत काढल्या, खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस घातला आणि ती डबी त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवून दिली. घरात माझे कौतुकही झाले! तीन महिन्यांनी, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, आबांना शेतातच कळ आली. एक गोळी झाली. दुसरी झाली. एरवी दोन-तीन मिनिटांत ओसरणारी कळ हलेना. शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना तालुक्याला नेले. दैव बलवत्तर म्हणून आबा वाचले.

डॉक्टरांनी गोळ्या पाहायला मागितल्या. मी डबी पुढे केली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे सांगितले की या गोळीतले औषध उडून जाणारे आहे. प्लॅस्टिक आणि कापूस ते शोषून घेतात; म्हणून ते घट्ट झाकणाच्या काचेच्या मूळ बाटलीतच राहिले पाहिजे. आबांच्या खिशात तीन महिने औषध नव्हतेच. होत्या त्या नुसत्या पांढऱ्या चकत्या. त्या रात्री घरी येऊन मी ती रिकामी बाटली शोधली आणि तिच्यावरचे नाव प्रथमच नीट वाचले: नायट्रोग्लिसरीन. हे नाव मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते, पण औषधाच्या धड्यात नव्हे. स्फोटकांच्या! ज्या द्रव्याने आबांनी आयुष्यभर खडक फोडले, तेच त्यांच्या जिभेखाली? या प्रश्नाने मला आमच्या ग्रंथालयात नेले आणि तिथे मला आल्फ्रेड नोबेल भेटला.

आल्फ्रेडचा जन्म 21 ऑक्टोबर 1833 रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल नोबेल हे कल्पक यंत्रज्ञ आणि संशोधक. पण व्यवहार त्यांना कधी फारसा साधला नाही. ज्या वर्षी आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. 1837 साली नशीब काढायला ते देश सोडून गेले. मागे आई आंद्रिएत हिने एक छोटेसे दुकान चालवून मुलांना वाढवले. आल्फ्रेड लहानपणी सतत आजारी असे. पुढे रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे वडिलांचा जम बसला. रशियन सैन्यासाठी ते पाण्यातले सुरुंग बनवू लागले, आणि 1842 साली सारे कुटुंब तिकडे गेले.

तिथे घरीच शिक्षक ठेवून मुलांना शिकवण्यात आले. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत आल्फ्रेडला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या पाच भाषा अवगत झाल्या. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, या मुलाला खरी ओढ होती ती साहित्याची! इंग्रज कवी शेली त्याचा फार आवडता. स्वतः आल्फ्रेड इंग्रजीत कविता लिही. वडिलांना हे लक्षण ठीक वाटले नाही. मुलगा यंत्रज्ञ व्हावा म्हणून 1850 च्या सुमारास त्यांनी त्याला परदेशी धाडले. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका असा तो फिरला. पॅरिसमध्ये पेलूझ नावाच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याने काम केले.

याच पेलूझचा एक जुना विद्यार्थी म्हणजे इटलीचा आस्कानिओ सोब्रेरो. त्याने 1847 साली ट्यूरिन येथे ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून एक तेलकट द्रव तयार केला होता. तेच नायट्रोग्लिसरीन. सोब्रेरोने त्याचा एक कण जिभेवर ठेवून पाहिला तेव्हा त्याचे डोके भयंकर ठणकू लागले. म्हणजे पाहा, हे द्रव्य रक्तवाहिन्यांवर काहीतरी करते याची खूण पहिल्याच दिवशी मिळाली होती! परंतु त्या काळी सर्वांचे लक्ष वेधले ते त्याच्या स्फोटाने. धक्का बसला, तापले, की ते उडे. आणि कधी उडेल याचा भरवसा नसे. सोब्रेरोला स्वतःला त्याची धास्तीच वाटत राहिली. सेंट पीटर्सबर्गला झिनिन या प्राध्यापकांनी नोबेल पितापुत्रांना ऐरणीवर या तेलाचा थेंब टाकून हातोडीने उडवून दाखवला. जेवढ्यावर घाव बसला तेवढेच तेल उडाले. याला आज्ञेत आणायचे कसे, हा प्रश्न आल्फ्रेडच्या मनात तिथून घर करून राहिला.

क्रिमियाचे युद्ध 1856 साली संपले, सैन्याच्या मागण्या थांबल्या आणि वडिलांचे पुन्हा दिवाळे निघाले. मंडळी स्टॉकहोमला परतली. तिथे 1863 साली आल्फ्रेडने आपली पहिली मोठी युक्ती काढली. एका लहानशा स्फोटाने मोठा स्फोट घडवायचा. हेच ते डिटोनेटर. पुढे 1865 साली त्याने पाऱ्याच्या एका स्फोटक क्षारावर चालणारी तांब्याची टोपी तयार केली.

पण या दोन वर्षांच्या मध्ये एक दिवस येतो. 3 सप्टेंबर 1864. स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागातील त्यांच्या कामाच्या जागी नायट्रोग्लिसरीनचा साठा उडाला. पाच माणसे गेली. त्यांत आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल होता. वय अवघे वीस. पुढच्या काही महिन्यांत वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. मला वाटले, आता हा मनुष्य हे काम सोडणार. त्याने ते सोडले नाही. शहराच्या हद्दीत असले प्रयोग करायला बंदी झाली, तेव्हा त्याने मेलारेन सरोवरात एका तराफ्यावर काम मांडले. काही आठवड्यांतच स्टॉकहोममधला रेल्वेचा बोगदा खणण्यासाठी हे तेल वापरायला परवानगी मिळाली. पुढे जर्मनीत, हांबुर्गजवळ क्रुमेल येथे, कारखाना निघाला. तेलाचे डबे देशोदेशी जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर मृत्यूही हिंडू लागला. 1866 साली सॅन फ्रान्सिस्कोत स्फोट झाला, पनामाच्या किनाऱ्यावर एक आगबोट उडाली, खुद्द क्रुमेलचा कारखाना उद्ध्वस्त झाला. देशोदेशीची सरकारे बंदीचा विचार करू लागली.

नोबेलने उत्तर शोधले ते मातीत. कीसेलगुर नावाची एक हलकी, सच्छिद्र माती त्या भागात मिळते. तीन भाग तेल आणि एक भाग माती मिसळली की कणकेसारखा गोळा होतो. तो हाताळता येतो, कांड्या वळता येतात, आणि टोपीची ठिणगी मिळेपर्यंत तो स्वस्थ राहतो. शक्ती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नोबेलने त्याला डायनामाइट असे नाव दिले आणि 1867 साली त्याचे पेटंट घेतले. आल्प्स पर्वत पोखरून 1872 ते 1882 या काळात तयार झालेला पंधरा किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा याच डायनामाइटची करणी. 1875 साली त्याने आणखी शक्तिमान असे स्फोटक जिलेटीन शोधले. आपल्या खेड्यापाड्यांत विहिरीच्या कामावर जिलेटीनच्या कांड्या हा शब्द सर्रास चालतो, त्याचे मूळ हे असे स्टॉकहोमच्या या कवीमनाच्या माणसापाशी जाते. आबांच्या पिशवीतल्या कांड्या त्याच्या आणि डिटोनेटरही त्याचाच!

आता थोडे विषयांतर करते. पण ते केल्यावाचून पुढची कथा समजणार नाही.

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते हे आपण जाणतो. पण हृदयालाही रक्त लागतेच. ते त्याला मिळते महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतून. त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्यांतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. गंमत अशी की, हृदय आकुंचन पावते तेव्हा ते आपल्याच भिंतीतल्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. शिवाय येणाऱ्या रक्तातला सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू हृदय एरवीच काढून घेत असते. म्हणजे श्रम पडले तर जास्त प्राणवायू मिळवायचा मार्ग एकच, जास्त रक्त. धमनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली असेल तर ते जास्तीचे रक्त येऊ शकत नाही, आणि हृदयाचा स्नायू कळवळतो. हीच ती छातीतली कळ. लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने 1768 साली तिचे नेमके वर्णन केले. पण उपाय शंभर वर्षे सापडला नाही.

ज्या 1867 साली डायनामाइट जन्मले, त्याच साली एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टराने अमाइल नायट्राइटची वाफ हुंगायला देऊन ही कळ थांबवून दाखवली. तो परिणाम फार थोडा वेळ टिके. बारा वर्षांनी, 1879 साली, लंडनच्या विल्यम मरेलने नायट्रोग्लिसरीनकडे लक्ष वळवले. त्याने शंभरात एक भाग इतके पातळ केलेले औषध आधी स्वतःच्या जिभेला लावले. डोके ठणकले, नाडी उडू लागली. मग त्याने ते रुग्णांना दिले आणि त्यांची कळ ओसरली. स्फोटकाचे नाव ऐकून लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन असे सौम्य नाव मिळाले.

ही गोळी करते तरी काय? मला वाटत होते, ती तुंबलेली धमनी मोकळी करते. हे पुरते खरे नाही. आपल्याकडच्या पाटाच्या पाण्याचा दाखला घेऊ. नायट्रोग्लिसरीन सर्वांत जास्त सैल करते ते अंगातल्या मोठ्या शिरांना. शिरा फुगल्या की बरेचसे रक्त पायांत, पोटात थांबते आणि हृदयाकडे कमी परतते. हृदयाचा कप्पा लहान राहतो, भिंतीवरचा ताण उतरतो आणि हृदयाची गरजच कमी होते. पाणी वाढवता येत नसेल तर पिकाची तहान कमी करावी, तसे हे आहे. दुसरे असे की, ताण उतरल्यामुळे भिंतीच्या आतल्या थरातल्या वाहिन्यांवरचा दाब कमी होतो आणि सर्वांत कोरड्या पडलेल्या भागाला पाणी पोचते. तिसरे, हृदयाच्या मोठ्या धमन्या थोड्या रुंदावतात. जिथे भिंत एका बाजूने अजून मऊ आहे तिथे अरुंद जागाही काहीशी उघडते, आणि आडवाटेच्या जोडवाहिन्याही मोकळ्या होतात.

अगदी बारीक वाहिन्यांना मात्र हे औषध फारसे हात लावत नाही, आणि यातच त्याचे शहाणपण आहे. सगळ्याच चाऱ्यांची दारे एकदम उघडली तर पाटाच्या तोंडाशी असलेली शेते पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. बारीक वाहिन्या सरसकट उघडणारी औषधे हृदयात नेमके हेच करू शकतात: निरोगी भाग आजारी भागाच्या तोंडचे रक्त पळवतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नायट्रोग्लिसरीन थेट हृदयाच्या धमनीत सोडले. तिथला रक्तप्रवाह वाढला, पण कळ थांबली नाही. तेच औषध शिरेतून साऱ्या अंगात दिले तेव्हा कळ थांबली. नुसता प्रवाह वाढवणे पुरेसे नसते, हृदयावरचे ओझे उतरावे लागते, हा त्याचा बोध.

ते जिभेखालीच का ठेवायचे, याचेही उत्तर मला मिळाले. गिळले तर यकृत त्यातले बहुतेक औषध नष्ट करते. जिभेखालून ते सरळ रक्तात जाते आणि मिनिटा-दोन मिनिटांत काम सुरू करते. रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून आधी खाली बसायचे. गोळीत औषध असते अवघे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही साखरेसारख्या निरुपद्रवी पदार्थात मिसळलेले. तिचा स्फोट होत नाही.

डायनामाइटच्या कारखान्यांतले कामगार मात्र हे औषध नकळत रोज घेत होते, त्वचेतून आणि श्वासातून. सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके फुटायची वेळ येई. आठवडा सरता सरता ते थांबे. रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू. शरीराला सवय होते आणि ती मोडतेही! काही कामगार म्हणे सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत किंचित स्फोटक लावून ठेवीत, म्हणजे सोमवार सुसह्य होई. हे वाचले आणि मी आबांना विचारले. खाड झाला की पहिल्या दिवशी कांड्या भरताना कपाळ उठायचे, दोन दिवसांनी राहायचे, असे ते सहज म्हणाले. त्या काळच्या कांड्यांत नायट्रोग्लिसरीन असे. उन्हामुळे डोके दुखते, असे ते आजवर समजत होते.

असो. नोबेलकडे परत येऊ. डायनामाइटने त्याला अमाप संपत्ती दिली. देशोदेशी कारखाने निघाले. एकूण 355 पेटंटे त्याच्या नावावर झाली. पण स्वतःचे म्हणावे असे घर त्याला कधी लाभले नाही. तो अविवाहित राहिला. 1873 पासून पॅरिसला त्याचा मुक्काम होता. 1876 साली बेर्था किन्स्की ही बुद्धिमान तरुणी काही दिवस त्याची चिटणीस होती. पुढे फोन झुटनर या नावाने ती शांततेच्या चळवळीची अध्वर्यू झाली. दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालला. 1887 साली त्याने धूर न करणारी तोफेची दारू शोधली, ती इटलीला विकली म्हणून फ्रान्समध्ये त्याच्यावर गहजब झाला आणि 1891 साली तो इटलीच्या सान रेमो गावी समुद्रकाठी राहायला गेला. दरम्यान 1889 साली आई गेली. तिच्या स्मरणार्थ त्याने स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का या वैद्यक संस्थेला देणगी दिली. रक्ताविषयीचे कुतूहल त्याला होतेच. योहान्सन नावाच्या एका तरुण शरीरशास्त्रज्ञाला त्याने आपल्या प्रयोगशाळेत बोलावून रक्त देण्याविषयीचे प्रयोगही करवले होते.

आणि मग त्याचे स्वतःचे हृदय दुखू लागले. 1896 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या डॉक्टरांनी त्याला औषध लिहून दिले. ते होते नायट्रोग्लिसरीन! आपला तरुण सहायक राग्नार सोलमान याला पाठवलेल्या पत्रात नोबेलने या दैवाच्या थट्टेची नोंद केली आहे. औषधविक्रेत्याने आणि लोकांनी दचकू नये म्हणून त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात, हेही त्याने खास आपल्या उपरोधिक ढंगात कळवले. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या द्रव्याने त्याचा एमिल नेला, तेच द्रव्य त्याच्या हृदयासाठी चिठ्ठीवर लिहिलेले होते. त्या क्षणी त्याला हेलेनेबोर्गची ती सकाळ आठवली नसेल काय?

त्यानंतर दीड महिन्याने, 10 डिसेंबर 1896 रोजी, सान रेमो येथे मेंदूत रक्तस्राव होऊन त्याचा अंत झाला. पाच भाषा लीलया बोलणाऱ्या या माणसाची वाचा अखेरीस बालपणीच्या स्वीडिशवर आली, आणि भोवतालच्या नोकरांना ती कळत नव्हती. जवळचे कोणी वेळेवर पोचू शकले नाही. त्याच वर्षी त्याने एक शोकांत नाटक लिहून छापायला दिले होते. मृत्यूनंतर आप्तांनी ते त्याच्या कीर्तीला साजेसे नाही असे ठरवून तीन प्रती ठेवल्या आणि बाकीच्या नष्ट केल्या. शेलीचे वेड घेतलेला तो मुलगा शेवटपर्यंत त्याच्यात जिवंत होता, एवढे मात्र त्यातून कळते.

त्याचे खरे अक्षरवाङ्मय म्हणजे त्याचे मृत्युपत्र! 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये त्याने त्यावर सही केली. कोणा वकिलाचे साह्य त्याने घेतले नव्हते. तीन कोटी दहा लाखांहून अधिक क्रोनरची आपली संपत्ती गुंतवून तिच्या व्याजातून दरवर्षी पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता या पाच क्षेत्रांत मानवजातीचे हित करणाऱ्यांना पारितोषिके द्यावीत, असे त्याने लिहून ठेवले. नातलग रुसले, वाद झाले. अवघ्या सव्वीस वर्षांच्या सोलमानने, रिव्हॉल्व्हर जवळ बाळगून पॅरिसच्या रस्त्यांतून घोडागाडीने रोखे हलवले आणि धन्याची इच्छा पार पाडली. 1901 पासून पारितोषिके सुरू झाली. बेर्थाला 1905 साली शांततेचे आणि आपल्या रवींद्रनाथांना 1913 साली साहित्याचे पारितोषिक मिळाले, ते याच पैशातून.

या कथेचा शेवटचा धागा शंभर वर्षांनी जुळला. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करते हे साऱ्यांना दिसत होते. कसे, ते कोणालाच उमगत नव्हते. 1977 साली अमेरिकेतील फेरिड मुराद यांनी दाखवले की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो यांच्या कामातून 1980 नंतर उलगडले की आपल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर स्वतःही हाच वायू तयार करते आणि भिंतीतल्या स्नायूला सैल होण्याचा निरोप देते. आजारी धमनीत हा निरोप क्षीण होतो; गोळी तो बाहेरून आणून पोचवते. या तिघांना 1998 सालचे वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक नोबेलचेच! त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाचे रहस्य त्याच्याच पैशाने गौरवले गेले.

हे सारे मी एका संध्याकाळी आबांना सांगितले. सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला होता. कारण आबांचा चुलतभाऊ विहिरीतच गेला होता. न उडालेला सुरुंग पाहायला तो खाली उतरला आणि तेव्हाच तो उडाला. घरात ही गोष्ट कोणी काढत नाही. बाटलीतले औषध तेच आहे हे कळल्यावर आबा कितीतरी वेळ गप्प बसले. ती वस्तू आता तोंडात धरणार नाही, असे ते म्हणाले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. भाऊ गेल्यावर त्या परक्या मुलखातल्या माणसाने काम सोडले का? मी म्हटले, नाही. महिन्या-दोन महिन्यांत तो तराफ्यावर पुन्हा कामाला लागला. आबांनी मान डोलावली. तेराव्यानंतर तेही त्याच विहिरीत उतरले होते. पाणी लागायचे राहिले होते आणि शेतकऱ्याने कर्ज काढले होते. ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली.

मग त्यांनी नवी बाटली मागून घेतली आणि ती उघडायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी जमले नाही. आजीने झाकणाला धरायला रबर गुंडाळून दिले, तेव्हा जमले. आता ती तपकिरी बाटली त्यांच्या बंडीच्या खिशात असते. आत कापूस नाही, दुसरी गोळी नाही, काही नाही. महिन्यातून एकदा मी तिच्यावरची तारीख पाहते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर वाट न पाहता 108 ला फोन करायचा, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

नोबेलचे मोठेपण कशात, असे परीक्षेत विचारले तर मी डायनामाइट आणि पारितोषिके असेच लिहीन. पण मनात मला आणखी एक गोष्ट आठवत राहील. द्रव्य तेच असते. ते किती घ्यायचे, कशात ठेवायचे आणि कोणत्या वेळी वापरायचे, यावर विहिरीला पाणी लागते, माणूस जातो किंवा माणूस वाचतो. हे नोबेलला एमिलच्या मृत्यूने शिकवले. मला ते आबांनी शिकवले, आणि सुदैवाने शिकवायला ते उरले.

(तृतीय वर्ष, कला शाखा)